दर्यातली चतुःसीमा

ती घटना आपण विसरलो, असे मी स्वतःला बऱ्याच वेळा बजावले आहे. पण ती आजही आठवते, तपशिलासकट आठवते, आणि आठवली की मी बसल्या जागेवरून उठून दुसऱ्या खोलीत जातो. नोकरीतल्या आठवणी लिहा असा आग्रह मित्र करतात, तेव्हा त्यांना पकडलेले दरोडेखोर आणि उलगडलेले खून हवे असतात. माझ्या मनात मात्र प्रत्येक वेळी हेच प्रकरण पुढे येते. त्यात गुन्हा दाखल झाला नाही, आरोपपत्र गेले नाही, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. वाईट वागला तो एकटा मी, आणि त्याची नोंद कुठल्याही डायरीत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो आणि पश्चिम उपनगरातल्या एका ठाण्यात नेमणूक होती. मढ आणि आजूबाजूचा किनारा आमच्या हद्दीत येई. मी देशावरचा, कोरडवाहू तालुक्यातला माणूस. पोहता येत नव्हते आणि समुद्र म्हणजे हद्दीची पश्चिम बाजू एवढेच मला ठाऊक. त्या काळी या किनाऱ्यावर सोने उतरायचे, घड्याळे उतरायची. पहारा दिसला की तस्कर माल पाण्यात बुडवून ठेवायचे आणि सवडीने काढायचे. कस्टमवाले असा एखादा माल पकडून पेपरात फोटो छापून आणत, आणि आमचे पीआय साहेब तो पेपर न बोलता माझ्या टेबलावर आणून ठेवत. ते न बोलणे मला फार लागे.

अशात एका सकाळी शेठ आला. शेठ म्हणजे जवळच्याच बंदरातला एक ट्रॉलरमालक. आमच्या ठाण्यात त्याची रोजची ऊठबस असे. ठाण्याच्या सत्यनारायणाला मंडप त्याचा, आणि पंचनाम्याला पंच मिळेना की निरोप त्यालाच जायचा. कुठल्याही ठाण्याला असे दोन-चार हुकमी पंच असतातच. बोलावले की येतात, दाखवले तिथे सही करतात, आणि कोर्टात उलटत नाहीत. ते का येतात, हा प्रश्न आम्ही कधी विचारत नसू.

शेठने खबर दिली ती अशी. मढजवळच्या एका कोळीवाड्यात एक माणूस आहे, त्याला सगळे दादूस म्हणतात. हा दादूस दर भांगाला, म्हणजे पाण्याला ओढ नसते त्या दिवसांत, एकटाच होडी घेऊन बाहेर जातो. जाळे नेत नाही. चार ठिकाणी नांगर टाकतो आणि त्यातल्या एका ठिकाणी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून टॅक्सीचा सांगाडा आणला, दोन होड्या एकमेकींना बांधून त्यावर चढवला आणि समुद्रात नेला. सांगाडा परत आला नाही. आणि शेठने शेवटी आवाज खाली आणून सांगितले, की एका हळदीच्या कार्यक्रमात दादूस सगळ्यांसमोर बोलला होता, माझी तिजोरी दर्यात हाय आणि चावी माझे डोक्यात.

मी उठून दार लावले आणि शेठला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. तिजोरी हा शब्द मी डायरीत लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली.

माझ्या हाताखाली एक हवालदार होते, मालवणकडचे. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, बोलायला सावकाश, कामाला पक्के. आम्ही दोघांनी पाळत ठेवायचे ठरवले. मढला सिनेमावाल्यांना भाड्याने देतात तसल्या एका बंगल्याच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन दोन दिवस बसलो. खाली शूटिंग चालू होते आणि त्यात एक नट इन्स्पेक्टर झाला होता. त्याचा गणवेश माझ्यापेक्षा कडक इस्त्रीचा होता. एकदा हवालदार गच्चीच्या कठड्याशी उभे राहिले, तर खालून कोणीतरी ओरडून त्यांना फ्रेममधून बाजूला व्हायला सांगितले. हवालदार निमूटपणे बाजूला झाले आणि मला म्हणाले की इथे तो साहेब खरा, आपण खोटे. मला तेव्हा हसू आले होते.

दादूस दोन्ही दिवस दिसला. जाळे नव्हते. चार ठिकाणी थांबला, एका ठिकाणी उतरला, बऱ्याच वेळाने वर आला, पुन्हा उतरला. वर आल्यावर तो चारी बाजूंना मान फिरवून कोणी बोट जवळपास आहे का ते बघे. गच्चीवरून दिशा कळत होती, नेमकी जागा कळत नव्हती. पण माझ्या मनाने निकाल दिला होता. हवालदारांनी मात्र मान हलवली. ते म्हणाले, "सायब, ह्यो मासेवालोच असा. आमच्याकडे पण असे असतत. बापाशीची जागा मेव्हण्याक पण सांगनत नाय." मी म्हणालो, हवालदार, मासे पकडायला टॅक्सी बुडवावी लागत नाही. ते गप्प बसले. वरिष्ठापुढे एकदा सांगायचे आणि मग गप्प बसायचे, ही आमच्या खात्याची जुनी शिस्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादूसला ठाण्यावर बोलावून घेतले. वय पंचेचाळीसच्या आसपास, छाती रुंद, केस खाऱ्या पाण्याने तांबूस झालेले. ठाण्यात यायचे म्हणून धुतलेला शर्ट घालून आला होता. इथे मला पहिली कबुली द्यायची आहे. त्याला आणल्याची नोंद मी स्टेशन डायरीला घेतली नाही. ठाणे अंमलदाराला सांगितले, चौकशीसाठी बसवला आहे. 'बसवला आहे' हा आमचा शब्द. माणूस अटकेत नसतो, सुटलेलाही नसतो, आणि कागदावर तर तो कुठेच नसतो.

सुरुवातीला मी नीट विचारले आणि त्यानेही नीट उत्तरे दिली. समुद्रात त्याच्या आजोबांच्या काळात एक मोठे गलबत बुडाले होते. त्याच्या सांगाड्यात मासा राहू लागला. आजोबांना ती जागा सापडली, त्यांनी मुलाला दाखवली, मुलाने त्याला. लाकूड कुजत चालले तशी बापाने त्यावर दगड नेऊन टाकले, फुटकी होडी टाकली. दादूसने टायर टाकले, गटाराचे सिमेंटचे पाइप टाकले आणि आता टॅक्सीचे सांगाडे. जिथे आडोसा असतो तिथे मासा घर करतो, असे तो म्हणाला. घोळ, रावस, शेवंड सगळे तिथे मिळते. गळ टाकून जेवढे लागेल तेवढे काढायचे आणि पडझड झाली असेल तर खाली जाऊन बघायचे. जाळे न्यायचे नाही, कारण ते सांगाड्यात अडकून फाटते.

ऐकायला सगळे सरळ होते. मी म्हणालो, ठीक आहे, मग जागा दाखव.

तो म्हणाला, "ती जागा माझे बापाची हाय, सायब. ती दाखवाची नाय."

मी कारण विचारले. म्हणाला, दाखवली की गेली. समुद्रावर कुंपण नसते. जागा किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा एका रेषेत आणून ओळखायची असते, आणि त्या खुणा ज्याला कळल्या त्याची ती जागा. म्हणून त्या सांगायच्या नसतात. त्याने त्या अजून स्वतःच्या भावालाही सांगितल्या नव्हत्या.

त्या काळात माझ्या डोक्यात एक पक्का हिशेब होता. ज्याचे काही चुकलेले नाही तो लपवत नाही, आणि जो लपवतो त्याचे काहीतरी चुकलेले आहे. प्रशिक्षणात हे कोणी शिकवले नव्हते, ठाण्यात बसून बसून ते अंगात भिनले होते. दुपारपर्यंत मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. तो इतर सगळ्याची उत्तरे द्यायचा आणि जागेपाशी आला की गप्प. त्याच्या गप्प बसण्यात मस्ती नव्हती, हे मला आज दिसते. तेव्हा मला ती मस्तीच वाटली. बाहेर पीआय साहेबांच्या खोलीचे दार उघडझाप होत होते आणि प्रत्येक वेळी मला वाटे, ते आता येऊन विचारतील.

दुपारी तीनच्या सुमारास मी उठलो आणि त्याच्या कानाखाली आवाज काढला. आमच्याकडे हे असेच म्हणतात, आणि म्हणताना जरा हसतात. उघडा पंजा, डावा कान, पूर्ण ताकदीनिशी.

तो खुर्चीवरून पडला नाही. त्याने करंगळी कानात घातली, बाहेर काढली आणि तिच्याकडे बघितले. करंगळीला रक्त होते. मग तो माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात बोलला.

"सायब, आता मी खाली कसा जाऊ?"

मी हवालदारांकडे विजयाने पाहिले. मला वाटले, गडी फुटला. खाली माल आहे आणि आता तो काढायला कसा जाऊ, असे हा म्हणतो आहे. फाटलेल्या पडद्याच्या कानाने माणसाला खोल पाण्यात उतरता येत नाही, उतरला तर भोवळ येऊन तिथेच राहतो, हे समुद्रकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मला नव्हते. हवालदारांना होते. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर मी त्याला सांगितले की जागा दाखवली नाहीस तर तुझ्या बायकोलाही इथे आणून बसवतो. ती तेव्हा ठाण्याच्या बाहेर, झाडाखाली, डबा घेऊन बसलीच होती. तो खिडकीतून तिच्याकडे बघून म्हणाला, सांगतो.

आता निवेदन पंचनामा करायचा होता. माणूस स्वतःहून काही दाखवायला तयार झाला, की त्याचे बोलणे दोन पंचांसमक्ष लिहून घ्यायचे आणि मग त्याच्यासोबत जागेवर जायचे. पंच म्हणून शेठ हजर होता. सकाळपासून तो ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी चहा पीत बसला होता. दुसरा पंच त्याच्याच बर्फाच्या कारखान्यातला मुकादम. दोघे आत येऊन बसले तसा दादूस एकदम ताठ झाला.

तो म्हणाला, "या शेठला भायेर पाठवा सायब. मग सांगतंय. दुसरा कोन पन बोलवा, मी सांगतंय."

मी त्याला सांगितले की तो पंच आहे, पंचासमोरच सांगावे लागते, कायदा आहे.

कायदा होता, पण कायद्याला पंच कोणीही चालला असता. ठाण्यासमोर इस्त्रीवाला होता, चांभार होता, शाळा सुटायची वेळ म्हणून दोन मास्तर रस्त्यावरून जात असतील. पाच मिनिटांचे काम होते. पाच मिनिटे मला जड झाली, आणि त्याहून खरे सांगायचे तर आरोपीने अट घालावी आणि फौजदाराने ती मानावी, हे मला कमीपणाचे वाटले. मारल्याचे पाप रागाच्या भरात घडले असे मी स्वतःला समजावू शकतो. हे पाप मी शांत डोक्याने, खुर्चीवर टेकून बसून केले.

दादूसने खुणा सांगितल्या. दोन दक्षिणेकडच्या, दोन पूर्वेकडच्या. सांगताना त्याचा आवाज इतका बसला होता की मला दोन वेळा मोठ्याने बोल म्हणून दटावावे लागले. त्या चार खुणा मला आजही तोंडपाठ आहेत. मी त्या इथे लिहिणार नाही. आता त्यांचा कोणाला उपयोग नाही, तरीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पोलिसांची लाँच मागायची तर वर अर्ज जाणार आणि कस्टमला वास लागणार, म्हणून शेठने आपला ट्रॉलर देऊ केला आणि मी तो घेतला. गोदीकडून एक पाणबुड्या बोलावला होता. बुडालेल्या बोटींचे लोखंड कापून काढण्याचे काम करणारा, पाठीवर हवेचे नळकांडे बांधून उतरणारा. ट्रॉलरवर तो, मी, हवालदार, दोघे पंच, बोट हाकणारा शेठचा तांडेल आणि दादूस. दादूसच्या कानात कापसाचा बोळा होता. त्याला पुढे नाळेवर बसवले होते आणि तो हाताने दिशा दाखवत होता.

किनारा मागे पडला तशी माझी अवस्था वाईट झाली. दोनदा बाजूला वाकून ओकलो. पंचांसमोर, हवालदारांसमोर, आरोपीसमोर. हवालदारांनी पाणी दिले, तेही टिकले नाही. तेव्हा दादूस नाळेवरून मागे वळून म्हणाला, "पान्याकडं बघू नका सायब, डोंगराकडं बघा." मी डोंगराकडे बघितले आणि पोट जरा जागेवर आले. आदल्या दिवशी ज्याचा कान मी फोडला त्याने मला हे सांगितले. मी आभार मानले नाहीत.

खुणा जुळल्या तशी बोट थांबली. पाणी स्थिर होते, गढूळपणा कमी होता, दादूसच्या हिशेबाप्रमाणे भांगाचा तो शेवटचा दिवस. पाणबुड्या उतरला आणि आम्ही बुडबुड्यांकडे बघत उभे राहिलो. मनातल्या मनात मी पेट्या मोजत होतो.

पहिल्यांदा वर आला तेव्हा त्याने तोंडातली नळी काढून सांगितले की खाली लाकडाचा मोठा सांगाडा आहे, बरगड्या उभ्या आहेत, शंभर एक वर्षांचा तरी असेल. मी म्हणालो, आत बघ. दुसऱ्यांदा तो बराच वेळ खाली राहिला. वर आल्यावर बोटीच्या कडेला धरून हसायलाच लागला. टॅक्सीचे दोन सांगाडे, सिमेंटचे पाइप, टायर, दगड, सगळे एकावर एक दोराने बांधून रचलेले. पाइपांची तोंडे एकाच बाजूला ठेवलेली. त्याने जन्मात बुडालेली पुष्कळ भंगारे पाहिली होती, पण पाण्याखाली असे नीट लावलेले घर पाहिले नव्हते, असे तो म्हणाला.

"आणि माल?" मी विचारले.

"माल कसला साहेब, मासा आहे. झकास मासा आहे यार, गाडीच्या मागच्या सीटवर बसलाय."

त्याने एका हातात धरलेला भलामोठा शेवंड वर केला. बोटीवरचे सगळे हसले. मी तिसऱ्यांदा त्याला खाली पाठवले, आणि तो परत तेच सांगत वर आला. पेपरातला फोटो गेला, आता पीआय साहेबांना काय सांगायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते.

या गडबडीत दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या आणि मी त्या पाहून न पाहिल्यासारख्या केल्या. शेठ पाणबुड्याशी बोलत होता. सांगाडा लांबीला किती आहे, कुठल्या बाजूला तळ मोकळा आहे, लाकूड किती कुजले आहे, असे बारीक बारीक प्रश्न तो विचारत होता आणि तांडेल किनाऱ्याकडे तोंड करून खुणा पुन्हा पुन्हा निरखत होता. आणि दादूस पाणबुड्याकडे बघतच नव्हता. आपल्या निर्दोषपणाचा पुरावा वर येत असताना त्याचे तिकडे लक्ष नव्हते. तो एकटक शेठकडे बघत होता.

मी पंचनामा लिहायला घेतला. माझे पंचनामे कोर्टात नावाजले जायचे. घटनास्थळाची चतुःसीमा मी कधी चुकवली नाही. पूर्वेस अमुकचे घर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, अशी चारी बाजूंची हद्द लिहिल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही. समुद्राच्या मधोमध चतुःसीमा कशी लिहायची, यावर हवालदार म्हणाले की इथे नसली तरी चालेल. मी म्हणालो, चालणार नाही. आणि बोटीच्या फळकुटावर कागद ठेवून मी त्या चार खुणा, बोटीला किनाऱ्यापासून लागलेला वेळ, पाण्याची खोली साडेपाच वाव म्हणजे तेहतीस फूट, तळाचा चिखल, सांगाड्याचे तोंड कुठल्या दिशेला, सगळे सुवाच्य अक्षरात उतरवले. पंचांना वाचून दाखवले. शेठने दोन ठिकाणी दुरुस्तीही सुचवली आणि ती बरोबर होती. मग त्याने सही केली, मुकादमाने केली, दादूसने एकेक अक्षर सावकाश काढत आपले नाव लिहिले. शेवटी मी लिहिले, आक्षेपार्ह काहीही मिळून आले नाही.

किनाऱ्यावर त्याला सोडून दिले. दवाखान्यात जा म्हणालो, पण दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली नाही, कारण चिठ्ठी दिली की कागद झाला असता. तो आपणहून म्युनिसिपल हॉस्पिटलात गेला. डॉक्टरांनी विचारल्यावर होडीची काठी लागली असे सांगितले. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला आहे, यापुढे कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. हे सगळे हवालदारांना त्याच्या बायकोने सांगितले आणि हवालदारांनी मला. त्याने माझे नाव घेतले नाही हा त्याचा मोठेपणा, असे मी कित्येक वर्षे मानत आलो. ती माझी सोय होती. खरे म्हणजे तो मला घाबरत होता.

पुढचा भांग आला तेव्हा त्या जागेवर शेठच्या तीन बोटी उभ्या होत्या. आधी गळ आणि जाळी लावून भोवतालचा मासा काढला. मग ट्रॉलरच्या जाळ्याला अडथळा नको म्हणून लोखंडी दोर अडकवून सांगाडा ओढला. कुजलेले लाकूड ते, एका दिवसात मोडले. तीन पिढ्यांनी रचलेले घर महिनाभरात साफ झाले. शेठच्या बोटींनी पूर्वी दादूसचा बऱ्याचदा पाठलाग केला होता, पण तो त्यांना भलतीकडे नेऊन गळ टाकून बसायचा, हे मला तेव्हा कळले. म्हणजे शेठला तस्कर पकडून द्यायचा नव्हताच. त्याला खुणा हव्या होत्या आणि त्या दादूसच्या तोंडून काढण्याइतका राकट हात त्याच्याकडे नव्हता. तो माझ्याकडे होता. मी स्वतःला हुशार अधिकारी समजत होतो आणि एका मासेवाल्याने माझा वापर करून घेतला, तोही चहा पीत पीत.

मग तरी मी काय केले? शेठला ठाण्यात यायचे बंद केले का? नाही. त्यानंतरही माझ्या दोन पंचनाम्यांवर त्याची सही आहे. त्याला दूर करायचे तर कारण द्यावे लागले असते, आणि कारण दिले की माझे नाव आले असते.

दादूस पुढे किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करू लागला. गस्तीवर गेलो की दिसायचा. मी जीप पुढे न्यायला सांगायचो.

या प्रकरणाने मला काय शिकवले, हे सांगण्याची रीत आहे म्हणून सांगतो. माणूस गप्प बसतो त्याची शंभर कारणे असतात आणि गुन्हा हे त्यातले एक. ज्याच्यापाशी चोरीचे काही नाही त्याच्यापाशीही लपवण्यासारखे असते, कधीकधी तेच त्याचे सर्वस्व असते. खबर आणणाऱ्याला काय मिळणार, हे आधी विचारावे. पंच हाताशी आहे म्हणून घेऊ नये. पुढच्या सगळ्या नोकरीत मी हे पाळले. चौकशीत मी कोणावर हात उचलला नाही आणि हाताखालच्या लोकांनाही उचलू दिला नाही. सहायक आयुक्त होऊन निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात एकाने भाषणात याचा गौरव केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून बसलो आणि लोकांना तो विनय वाटला.

पण मला सर्वात जास्त लाज वाटते ती मारल्याची नाही आणि पंच न बदलल्याचीही नाही. एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे.

सांगाडा मोडायच्या आधी, शेठच्या बोटी तिथे जाऊ लागल्यावर आठ दिवसांनी, दादूस आणि त्याची बायको ठाण्यावर आले होते. तक्रार द्यायला आलो नाही, असे त्याने आधीच सांगितले. त्याला पंचनाम्याची नक्कल हवी होती. मला समजेना. तेव्हा त्याच्या बायकोने समजावून सांगितले. गावची कोळी पंचायत रविवारी बसणार होती. तिथे शेठ म्हणत होता की जागा त्याच्या तांडेलाला सापडली, दादूसची कशावरून? आणि दादूसच्या घराण्यात ती जागा कोणालाच सांगायची रीत नसल्यामुळे साक्ष द्यायला गावात एकही माणूस नव्हता. होता तो फक्त माझा कागद. त्यावर तारीख होती, चतुःसीमा होती, जागा दादूसने दाखवली असे लिहिलेले होते, आणि खाली खुद्द शेठची सही होती.

"तेवडा कागद द्या सायब," दादूस म्हणाला. "पंचायत मानल. बोटी काडाया लावल."

कपाट माझ्या पाठीशी होते. फाइल वरच्या खणात होती. नक्कल हाताने उतरवायला अर्धा तास लागला असता. पण त्या कागदावर निवेदनाची तारीख आणि वेळ होती, आणि त्या वेळी तो ठाण्यात असल्याची नोंद डायरीत नव्हती. हॉस्पिटलच्या केसपेपरवर लगेच दुसऱ्या दिवसाची तारीख होती. कोणी दोन कागद शेजारी ठेवले असते तर माझी नोकरी गेली असती. निदान मला तसे वाटले. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, हेही मनात आले, आणि मनात आले म्हणून मी ते कारण स्वतःला दिले.

मी समोरच्या रजिस्टरात बघत म्हणालो, पंचनाम्याची अशी नक्कल देता येत नाही.

मला वाटले, तो समजला. मग तो खुर्चीवर सरकला, मान वळवली, उजवा कान माझ्याकडे केला आणि त्यामागे पंजा धरून थोडा पुढे वाकला. चेहऱ्यावर अजून आशा होती.

"या बाजूनं बोला सायब," तो म्हणाला. "काय बोललात?"

मग मी तेच वाक्य पुन्हा एकदा, साऱ्या ठाण्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, त्याला सांगितले.